टेन्शन घेऊ नकोस म्हणणाऱ्यांनो...

"टेन्शन घेऊ नकोस" हे मराठीतलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे, असं माझं ठाम मत झालंय. ऐकणाऱ्याला एकाऐवजी दोन कामं लागतात. एक परीक्षेचं, दुसरं टेन्शन लपवायचं!

निमित्त आमच्या वहिनीचं. इथे अमेरिकेत ती एका नर्सिंग होममध्ये नर्सिंग असिस्टंटचं काम शिकतेय. लेखी परीक्षा पास झाली, प्रात्यक्षिकात नापास. पेशंटला पलंगावरून व्हीलचेअरमध्ये बसवताना ब्रेक लावायचे राहिले. तेवढं एक पुरतं. येत्या शनिवारी पुन्हा परीक्षा. पास झाल्याशिवाय हे काम ४ महिन्यांपलीकडे करता येत नाही असा कायदा आहे, आणि तिचा चौथा महिना चालू आहे. आणि इकडे फोनवर फोन.

"अगं, आयाचं तर काम, त्यात काय घाबरायचं?" हा पहिला प्रकार. मंडळी, नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्यांचे हाल झाले म्हणून १९८७ साली इथे कायदा करावा लागला. किमान ७५ तासांचं शिक्षण, त्यातले १६ तास प्रत्यक्ष हाताखालचे, आणि वर परीक्षा. ब्रेक न लावलेली खुर्ची मागे सरकली की एखाद्या आजोबांचं खुब्याचं हाड मोडतं. वहिनी घाबरते कारण तिला हे माहीत आहे. न घाबरणाऱ्या बाईच्या हाती मी माझे वडील देणार नाही.

दुसरा प्रकार, "मनाचा निर्धार हवा". निर्धार तिच्याकडे भरपूर आहे हो. आमच्याकडे परीक्षेत ५ कौशल्यं करून दाखवायची, हात धुणं ठरलेलंच, बाकीची नशिबात येतील ती. परीक्षक हातात यादी घेऊन उभा, तोंडातून शब्द नाही. नाडी मोजायची तर पूर्ण १ मिनिट, आणि आकडा परीक्षकाच्या आकड्यापासून ४ ठोक्यांच्या आत हवा. अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्यात आपलीच नाडी लागते. घाबरलेल्याची तर धावतच असते! अशा वेळी निर्धार काय करणार? सवय हवी. गप्प बसून बघणाऱ्या माणसासमोर हात चालवायची सवय. ती घरातल्या आरशासमोर होत नाही.

प्राणायामवाल्यांशी माझं भांडण नाही. दोन मिनिटं सावकाश श्वास घ्यावाच. पण श्वासाने ब्रेक लागत नाहीत.

गंमत म्हणजे औषध त्या परीक्षेतच आहे. काय करणार ते पेशंटला आधी समजावून सांगायचं, याला गुण असतात. मग प्रत्येक पायरी बोलूनच करायची. "काका, आता तुमच्या खुर्चीचे ब्रेक लावते." तोंडाने म्हटलं की हात मागोमाग जातो. घरी मराठीत, तिथे इंग्रजीत. शिवाय चुकलंच, तर पुढचं कौशल्य सुरू होईपर्यंत "मला हे दुरुस्त करायचंय" असं म्हणायची मुभा आहे. फक्त क्रमाने करायची पायरी उलटी झाली, तर तिचे गुण गेले. आणि कायद्याने किमान ३ संधी मिळतात. इतके फोन आले, पण नियम काय आहेत हे एकानेही विचारलं नाही. माणसाला धीर द्यायचा तर आधी त्याचं काम समजून घ्यावं लागतं. ते कष्टाचं. निर्धार सांगणं फुकटात होतं.

असो. तर शुक्रवारी रात्री कृपया फोन करू नका. जवळ राहत असाल तर आत्ताच घरी या, पलंगावर पेशंट होऊन पडा, उजवा हात लुळा आहे असं समजा, आणि वहिनीला शर्ट घालू द्या (लुळी बाजू आधी!). भारतातल्या मंडळींनी व्हिडिओ कॉलवर यावं, यादी हातात घ्यावी, आणि अर्धा तास तोंड बंद ठेवून नुसतं बघावं.

आपल्या नातेवाइकांना एवढं जमलं, तर वहिनीला शनिवार काहीच अवघड नाही.