धडधडाट म्हणजे बेस नव्हे!

आपल्या हॉस्टेलमध्ये 'साउंडवाल्याची' खोली शोधायला नंबर लागत नाही. ज्या दाराची कडी आपोआप थरथरते, ती त्याची खोली! दोन वर्षांपूर्वी अशी एक खोली माझी होती. दिवाळीत घरच्यांच्या मागे लागून सबवूफरवाला सेट आणला, बेसचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि मजल्यावर कॉलर ताठ करून फिरू लागलो. एका रात्री शेजारचा मित्र दारात उभा. दुसऱ्या दिवशी त्याचा केटीचा पेपर. मला वाटलं, आता भांडण होणार. पण तो एवढंच म्हणाला, "रे, तुका तरी धड ऐकाक येता काय?"

खरं सांगायचं तर येत नव्हतं. गाणं कुठलंही लावा, खालून एकच 'धुब् धुब्'. पखवाजाचा 'धा' कुठला आणि तबल्याचा कुठला, काही कळत नव्हतं. तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो. माझं मत झालं ते असं: चांगला बेस वॉट विकत घेऊन मिळत नाही. तो पेटीतून आणि खोलीतून मिळवावा लागतो.

आधी वॉटचं बघू. एके काळी सेटच्या खोक्यावर पीएमपीओचे हजारो वॉट छापलेले असत. ते आकडे आता कमी दिसतात, पण आपली खोड गेलेली नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला 'दुप्पट' वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. शिवाय एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज हवा असेल, तर वूफरच्या पडद्याला चौपट पुढे-मागे व्हावं लागतं. एवढासा वूफर तिथे धापा टाकणार नाही तर काय?

ही गोष्ट आपल्याकडच्या भजनी मंडळींना न शिकता ठाऊक आहे. पखवाजवाला वाजवायला बसण्याआधी डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापतो. पुडीचं वस्तुमान वाढतं, कंपनं मंदावतात आणि सूर खाली उतरतो. फर्स्ट इयरला घोकलेलं स्प्रिंग आणि वस्तुमानाचं सूत्र ते हेच! घुमट घ्या. मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं. वाजवणारा उघड्या तोंडावर तळहात झाकतो, काढतो आणि आतल्या हवेचा घुमार बदलतो. गोवा सरकारने २०१९ साली ज्याला वारसा वाद्य ठरवलं, ते हेच घुमट.

आता स्पीकरची पेटी बघा. पेटीतली हवा ही स्प्रिंग आणि पोर्टच्या नळीतली हवा हे वस्तुमान. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात याचं गणित नीट बसवून दिलं. उदाहरणार्थ, ४० लिटरची पेटी आणि ७ सेंटिमीटर आतल्या व्यासाचा, साधारण १३ सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप घेतला, तर पेटी ४० हर्ट्झच्या आसपास घुमते. मात्र या पेटीला शोभणारा वूफर हवा. आणि ४० च्या खाली इक्वलायझर चढवू नका, तिथे पेटीचा आधार सुटतो आणि वूफर फाटायची वेळ येते. आपल्या दमट हवेत एमडीएफ फुगतो आणि फोमची कड कुजते, म्हणून १८ मिलिमीटरचा प्लाय आणि रबरी कडेचा वूफर बरा.

छोटी पेटी, खोल बेस आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज, ही तिन्ही एकदम मिळत नाहीत. दोन निवडा, तिसरं सोडा. निसर्गाशी घासाघीस चालत नाही.

पेटी झाली, आता खोली. आपली खोली १२ फुटांची. एवढ्या अंतरात ४७ हर्ट्झच्या आसपास स्थिर लहर तयार होते. म्हणून भिंतीला टेकून बसलेल्याच्या कानठळ्या बसतात आणि खोलीच्या मध्ये उभा असलेला विचारतो, "बेस खंय गेलो?" तोच सेट सुट्टीत मालवणला घरी नेला. चिऱ्याच्या भिंती, पण वर उघडी कौलं. आवाज थोडा कमी वाटला, पण स्वच्छ! जास्तीचा घुमार कौलांतून निघून गेला असणार. हॉस्टेलच्या स्लॅबखाली तो आतच फिरत राहतो.

यावर बिनपैशाचा उपाय आहे. सबवूफर तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, ओळखीचं गाणं लावा आणि स्वतः खोलीभर रांगा. जिथे खालचे सगळे सूर सारखे ऐकू येतात, तिथे सबवूफर ठेवा. रूममेट हसेल, हसू द्या. माझा सबवूफर कोपऱ्यातून निघून टेबलाजवळ आला आणि बेसचं बटण अर्ध्यावर आलं. पखवाज पहिल्यांदा पखवाजासारखा वाजला!

आणि एक. भिंत वरचे सूर अडवते, खालचे फारसे अडवत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला तुमचं गाणं पोचतच नाही, पोचतो तो नुसता धक्का. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते ६. पण नियम कशाला हवा? भिंतीपलीकडे कुणाची तरी केटी आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. दहानंतर हेडफोन, हे मी स्वतःला घालून घेतलेलं बंधन आहे.

शेवटी एक सूचना. दरवर्षी गॅदरिंगला आपण स्पीकर भाड्याने आणतो आणि 'किती हजार वॉट' हेच विचारतो. त्याऐवजी यंदा आपल्याच वर्कशॉपमध्ये कॉमन रूमसाठी एक पेटी बनवू या. सिव्हिलवाले खोली मोजतील, मेकॅनिकलवाले प्लाय कापतील, इलेक्ट्रॉनिक्सवाले अँप्लिफायर जोडतील. सरांनी परवानगी दिली तर बरंच आहे!

त्या मित्राची केटी सुटली. तो हल्ली माझ्या खोलीत गाणी ऐकायला येतो. पटलं असेल तर तुम्हीही या. प्लायचा खर्च मात्र अर्धा-अर्धा!