महाग कोण, ट्रेनर की दांडी?

पर्सनल ट्रेनरची फी ऐकली की आपण कपाळाला हात लावतो आणि ‘वर्षाचे एकदम भरा, स्वस्त पडेल’ या ऑफरला मात्र हसत हसत बळी पडतो. डेलाविन्या आणि माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी २००६ साली अमेरिकी जिमच्या सभासदांचा हिशेब प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक भरणारे महिन्यातून सरासरी चारदाच फिरकत. एक खेप १७ डॉलरच्या वर पडे. दहा खेपांचा पास घेतला असता, तर तीच खेप १० डॉलरमध्ये भागली असती. ट्रेनरच्या फीत आपण खरे तर ही दांडी टाळणं विकत घेतो. सकाळी सहाला कुणीतरी वाट पाहतंय आणि न गेल्यास तासाचे पैसे बुडणार, या धाकाने पाय आपोआप वळतात. शिवाय एकट्याने वजन उचलताना पाठ वाकडी झाली, तर फिजिओथेरपिस्टचं बिल वेगळंच. मात्र ट्रेनर जन्मभर पोसू नये. दोन-तीन महिने ठेवावा, शेजाऱ्यासोबत फी वाटून घ्यावी, स्क्वॉट-डेडलिफ्ट नीट शिकावं आणि मोकळं व्हावं. तिसऱ्याच दिवशी त्याने प्रोटीन पावडरचा डबा पुढे केला, तर त्याआधीच!