ओळखीचे अवमूल्यन

लिंक्ड-इन या व्यावसायिक ओळखीच्या जाळ्यावर ज्यांचे खाते आहे, त्यांना एका विशिष्ट पत्रव्यवहाराची आता सवय झाली आहे. प्रथम अपरिचिताकडून ओळखीचे निमंत्रण येते. ते स्वीकारावे, तर काही मिनिटांतच थेट संदेश येऊन थडकतो. पहिल्या दोन वाक्यांत आपल्या कारकिर्दीची स्तुती असते आणि तिसऱ्यात विमा, संगणकप्रणाली किंवा गुंतवणुकीची योजना. किरकोळ उपद्रव म्हणून हा प्रकार सोडून देता येईल; परंतु त्याची खरी झळ संदेश घेणाऱ्याला बसत नाही, ती निराळ्याच माणसांना बसते.

विक्रेत्याने ग्राहकाच्या दाराशी जावे यात गैर काही नाही. आपल्याकडे मात्र ते दार ओळखीवाचून क्वचितच उघडत असे. भोसरीतील एखाद्या लघुउद्योजकाला मोठ्या कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्यापर्यंत पोचायचे, तर मध्यस्थ हवा, नातलग हवा, निदान कुणाची तरी चिठ्ठी हवी. २००३ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने २६ अब्ज डॉलरहून अधिक किंमत मोजून घेतलेल्या या जाळ्याने त्या चिठ्ठीची गरज पुष्कळ कमी केली. त्याची सदस्यसंख्या आज एक अब्जाच्या वर आहे आणि अमेरिकेखालोखाल भारताचा क्रमांक लागतो. वशिला नसलेल्याला मोठ्या माणसाशी चार ओळी बोलता याव्यात, ही लहान गोष्ट नव्हे.

पण चार ओळी सर्वांनाच फुकट बोलता आल्या की काय होते? आपल्या देशात १८७९ साली पोस्टकार्ड आले, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. हजार कार्डे टाकायची तर पाव आणाही विचार करायला लावतो. कार्ड कोणाला टाकावे आणि कोणाला टाकू नये, हे ठरवावे लागते. थेट संदेशाचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य आहे आणि आता तर मजकूरही यंत्रच रचून देते. समजा, एकाने हजार जणांना संदेश धाडले आणि प्रत्येकाचा अर्धा मिनिट गेला. पाठवणाऱ्याचे काहीच गेले नाही. घेणाऱ्यांचे मिळून आठ तासांहून अधिक गेले. त्यातून दोन गिऱ्हाइके मिळाली, तरी पाठवणाऱ्याच्या खात्यात नफाच दिसतो. उरलेल्या ९९८ जणांचा वेळ कोणत्याच जमाखर्चात येत नाही.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखवून दिले, तेच येथे घडते. चांगला माल आणि वाईट माल बाहेरून ओळखता येत नसेल, तर ग्राहक सर्वच मालाला वाईट समजतो आणि चांगला माल विकणारा बाजार सोडतो. खरेदी अधिकारी आता अपरिचितांचे संदेश उघडतच नाही. ज्याचे यंत्र दिवसाला शेकडो संदेश सोडते त्याचे त्यात फारसे बिघडत नाही. बिघडते ते भोसरीच्या त्या कारखानदाराचे, ज्याने विचारपूर्वक एकच संदेश लिहिला. नोकरीच्या शोधातील विद्यार्थ्याचे प्रामाणिक पत्रही त्याच ढिगात जाते. (गंमत अशी की, आमच्या वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना पहिली नोकरी पुष्कळदा हा ढीग रचण्याचीच मिळते.) मग अधिकारी पुन्हा ओळखीच्या माणसाकडे वळतो. वशिल्याला जो शह बसू लागला होता, तो असा निष्प्रभ होतो.

कंपनीला हे कळत नाही असे नाही. अपरिचिताला थेट लिहिण्यासाठी ‘इनमेल’ नावाची सशुल्क सोय आहे. वर्गणीदाराला महिन्याला ठरावीक संख्येने ते पाठवता येतात. पूर्वी सात दिवसांत उत्तर आले नाही, तर खर्ची पडलेला संदेश परत मिळे, म्हणजे दुर्लक्षित संदेशालाच भरपाई होती! २०१५ च्या प्रारंभी हा नियम उलटा केला गेला. नव्वद दिवसांत उत्तर आले, मग ते नकाराचे का असेना, तरच तो परत मिळतो. निरर्थक लिहिणाऱ्याला त्यामुळे तोशीस पडू लागली. माझ्या मते ही सुधारणा योग्य होती. परंतु ओळखीचे निमंत्रण फुकट राहिले आणि सगळा व्यापार त्या वाटेने वळला. त्यावर आता साप्ताहिक मर्यादा आहे. पण सोबत चार शब्दांचे कारण लिहायचे, तर विनाशुल्क सदस्याला महिन्यातून मोजक्याच वेळा तशी मुभा मिळते. कोरे निमंत्रण फुकट आणि हेतू सांगणाऱ्याला दाम, ही उफराटी तऱ्हा झाली.

कायद्याकडे पाहावे, तर तेथेही आधार तोकडा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची २०१८ ची नियमावली नको असलेल्या दूरध्वनींना आणि एसएमएसना आवर घालते. या जाळ्यावरील संदेश तिच्या कक्षेबाहेर आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, ज्याने आपली माहिती आपणहून सार्वजनिक केली, त्याची ती माहितीच वगळली आहे. आणि या जाळ्यावर येणारा प्रत्येक जण माहिती सार्वजनिक करण्यासाठीच तर येतो. कारणासहित निमंत्रण विनाशुल्क ठेवावे आणि कोऱ्या निमंत्रणाला शुल्क लावावे, एवढा बदल कंपनीला आजही करता येईल. मात्र विक्रेत्यांसाठीची खास वर्गणी तीच कंपनी विकते, आणि ज्याच्या वेळेचा प्रश्न आहे तो वाचक तिला बहुधा एक पैसाही देत नाही.