ताण पेपरचा नाही, जागांचा आहे



जून उजाडला की चीनच्या ‘गाओकाओ’ या महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेच्या बातम्या आपल्याकडेही झळकतात. परीक्षा केंद्राबाहेर लाल पोशाखात उभ्या आया, आवाज नको म्हणून थांबवलेली बांधकामं, वर्गात सलाईन लावून अभ्यास करणारी मुलं. (हा शेवटचा फोटो हुबेई प्रांतातल्या शिआओगानचा, 2012 सालचा, पण अजूनही ताजा असल्यासारखा फिरतो.) आपण ‘काय ही क्रूर परीक्षा!’ म्हणून हळहळतो आणि पान उलटतो. माझा आक्षेप या हळहळीलाच आहे.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ही परीक्षा बंद होती. तेव्हा विद्यापीठात जायचं तर कम्यूनची किंवा कारखान्याची शिफारस लागे, म्हणजे कोणाची तरी मर्जी. 1977च्या हिवाळ्यात परीक्षा पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे 57 लाख जण बसले. प्रवेश मिळाला तीन लाखांहून कमी लोकांना. तरीही वशिला नसलेल्या शेतकऱ्याच्या पोराला तोच एक सरळ रस्ता होता. म्हणून परीक्षाच रद्द करा, ही मागणी तिथे फारशी जोर धरत नाही. त्यांना वेड लागलेलं नाही.

अन्याय आहे तो जागांच्या वाटपात. विद्यापीठं प्रांतवार कोटा ठरवतात आणि ‘हुकोउ’ म्हणजे कुटुंबाची नोंदणी जिथली, सहसा तिथूनच परीक्षा द्यावी लागते. 2024 साली बीजिंगमध्ये जेमतेम 67 हजार अर्ज होते, हनान प्रांतात 13 लाखांवर. देशातली सर्वांत नावाजलेली दोन विद्यापीठं, पेकिंग आणि छिंगह्वा, बीजिंगमध्येच. आणि तिथल्या मुलाला त्यांत शिरण्याची संधी हनानच्या मुलापेक्षा कितीतरी पट जास्त. जवळपास दहा कोटी वस्तीच्या हनानमध्ये सरकारच्या ‘211’ या निवडक विद्यापीठांच्या जुन्या यादीतलं एकच विद्यापीठ आहे, चंगचौचं. बीजिंगमध्ये इमारती बांधणाऱ्या हनानच्या गवंड्याची मुलगी लहानाची मोठी बीजिंगमध्ये झाली, तरी बारावीच्या तोंडावर तिला गावी परतून, वेगळ्या गर्दीत उभं राहावं लागतं. 750 पैकी एकेका गुणासाठी ती जीव काढते, ते पेपर कठीण असतो म्हणून नव्हे.

आन्ह्वे प्रांतातल्या डोंगरातलं माओथानछांग हे गाव याच गणितावर जगतं. प्रवेश न मिळालेली किंवा कमी गुण पडलेली मुलं तिथल्या शाळेत पुन्हा वर्षभर बसतात. दिवस पहाटे सुरू होतो, रात्री अकराच्या सुमारास संपतो. नोकरी सोडून आलेल्या आया भाड्याच्या खोलीत राहतात, डबे करतात, कपडे धुतात आणि शाळेजवळच्या जुन्या झाडापुढे उदबत्त्या लावतात. या बायांना ‘अतिमहत्त्वाकांक्षी पालक’ म्हणणं सोपं आहे. दुसरा कोणता पर्याय त्यांच्यापुढे ठेवला आहे, ते मात्र कोणी सांगत नाही.

2021च्या जुलैत सरकारने शालेय विषयांच्या नफा कमावणाऱ्या खासगी क्लासवर बंदी आणली. हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. जागा तेवढ्याच, कोटा तोच. मग शिकवणी बंद दाराआड गेली आणि महागली. ज्यांना परवडते ते घरी शिक्षक बोलावतात, बाकीच्यांची स्वस्तातली शिकवणीही गेली. आणि एवढं करून पदवी हाती आली तरी पुढे काय? जून 2023मध्ये शहरी तरुणांमधली बेकारी 21.3 टक्के झाली. त्यावर सरकारने उपाय काढला तो असा, की काही महिने आकडाच छापायचं बंद केलं! जिथे चांगल्या नोकऱ्या थोड्या आणि नामवंत विद्यापीठाच्या शिक्क्याला भाव, तिथे मुलांना ‘टेन्शन घेऊ नका’ सांगणं ही चेष्टा आहे.

2024मध्ये आपल्याकडे ‘नीट’चा पेपर फुटल्यावर ‘चीनसारखी कडक परीक्षा घ्या’ असा सूर निघाला होता. तिथल्या पेपरांचा पहारा आणि संघटितपणे कॉपी घडवून आणणाऱ्यांना सात वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा कायदा जरूर अभ्यासावा. पण पहाऱ्याने पेपर वाचतो, पोरं वाचत नाहीत. तेव्हा चीनचं उदाहरण देणाऱ्यांनी हनानच्या वाट्याला जागा किती येतात, तेही सोबत सांगावं, एवढीच विनंती.

– एक वाचक, सातारा