खुर्ची शेतीची, किल्ली दुसऱ्याच्या कमरेला

आपल्या मुलखातला खासदार मंत्री झाला की गावोगाव फटाके वाजतात. आता कापसाचे नक्की काही होणार, असे पारावर बोलले जाते. ही आशा किती खरी, हे पाहायचे तर शरद पवार यांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडावा. 1967 साली आमदार, 1978 साली मुख्यमंत्री, 1984 साली लोकसभेत, 1991 साली संरक्षणमंत्री, आणि 2004 ते 2014 केंद्रीय कृषिमंत्री. शेती कळणारा आणि दिल्लीत वजन असणारा याहून मोठा माणूस कोणता आणायचा?

जमेची बाजू आधी. मुख्यमंत्री असताना 1990 साली त्यांनी फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. कोरडवाहू रानात बोर, सीताफळ, डाळिंब उभे राहिले. ते कृषिमंत्री असताना 2008-09 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 2030 वरून 3000 रुपये झाला. हे नाकारण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही.

आता दुसरी बाजू. 2008 च्या केंद्राच्या कर्जमाफीत पूर्ण माफी मिळाली ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. त्यापुढच्याला नियम असा की 75 टक्के आधी भरा, मग 25 टक्के सूट घ्या. निवडक जिल्ह्यांत ही सूट किमान 20 हजारांची केली, एवढेच. सात एकर मुरमाड रान कसणारा मोठा शेतकरी ठरला आणि पाच एकर बागायतवाला लहान! पाऊस न मोजता फक्त एकर मोजले, की कोरडवाहूवर असा अन्याय होतो.

त्याहून बोलके उदाहरण 5 मार्च 2012 चे. त्या दिवशी केंद्राने कापसाची निर्यात बंद केली. हुकूम वाणिज्य मंत्रालयाचा होता. आपल्याला विश्वासात घेतले नाही, अशी तक्रार खुद्द कृषिमंत्र्यांनी जाहीरपणे केली. त्यांच्या आणि इतरांच्या विरोधामुळे आठवडाभरातच बंदी मागे घ्यावी लागली, हे खरे. पण ज्या खात्याला शेतकऱ्याचे खाते म्हणतात, त्याला विचारल्यावाचून शेतकऱ्याचा बाजार बंद करता येतो, हेही त्या दिवशी उघडे पडले.

याचे कारण व्यवस्थेतच आहे. हमीभावाची शिफारस करणारा आयोग कृषी मंत्रालयाचा. पण कापूस खरेदी करणारे सीसीआय वस्त्रोद्योग मंत्रालयाचे, निर्यातीचे दार वाणिज्य मंत्रालयाचे आणि आयातीवरचे शुल्क अर्थ मंत्रालयाचे. कापूस पिकवेपर्यंत तो शेतीचा. सरकी वेगळी झाली की तो गिरणीचा. कृषिमंत्र्याच्या खुर्चीत कोणीही बसवा, भावाची किल्ली दुसऱ्याच्याच कमरेला.

आणि किल्ली हाती होती तेव्हा? पवार चार वेळा मुख्यमंत्री झाले. 1972 पासूनची कापूस एकाधिकार खरेदी राज्य सरकारच्याच अखत्यारीत होती. शेतकऱ्याने आपला कापूस राज्याबाहेर नेऊन विकणे हा गुन्हा होता. ते कुलूप त्यांच्या काळात उघडले नाही.

पुढे सरकार बदलले, पक्ष बदलले. तरी ऑगस्ट 2025 मध्ये, आपला कापूस पातीफुलावर असताना, कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वर्षअखेरपर्यंत. म्हणजे नेमके आपल्या वेचणीच्या दिवसांत. हुकूम पुन्हा अर्थ मंत्रालयाचा.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. खासदाराची कारकीर्द त्याच्या खुर्च्या मोजून ठरवू नका. उमेदवार दारात आला की विचारा: निर्यात बंद झाली त्या दिवशी तुम्ही सभागृहात उभे राहिलात का? आयात शुल्क उठले तेव्हा पक्षाच्या विरोधात बोललात का? ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडत नाही, त्यासाठी काय केलेत? उत्तर नसेल तर हार-तुरे घरीच राहू द्या. मंत्री आपला असून भागत नाही. बाजार आपल्याला खुला पाहिजे.