विश्लेषण : दहावीच्या पुस्तकातून गेलेली आवर्तसारणी आपल्याला कशाला हवी?

हा मजकूर तुम्ही बहुधा फोनच्या काचेवर वाचत असाल. खिशातल्या किल्ल्यांनी या काचेवर सहजी ओरखडा उठत नाही, आणि हातातून निसटूनही ती अनेकदा शाबूत राहते. तिच्या या मजबुतीचे कारण शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगलेल्या एका तक्त्यात सापडते. तो तक्ता म्हणजे मूलद्रव्यांची आवर्तसारणी. २०२३ मध्ये ‘एनसीईआरटी’ने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून तिचे प्रकरण वगळले, तेव्हा देशभरातील वैज्ञानिक आणि शिक्षकांनी हरकत घेतली. एका प्रकरणासाठी एवढा गहजब कशासाठी, हे समजून घ्यायचे तर आधी सारणीच समजून घ्यायला हवी.

आवर्तसारणी म्हणजे नेमके काय?

भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखा पुढे सरकतात, पण दर सात दिवसांनी वार परत येतो आणि सगळे रविवार एका रांगेत बसतात. मूलद्रव्यांचेही तसेच आहे. ती अणुअंकाच्या क्रमाने मांडत गेले की काही अंतराने तसेच गुणधर्म पुन्हा दिसतात. म्हणून ही ‘आवर्त’सारणी. आडव्या ओळींना आवर्त म्हणतात, ती सात. उभ्या स्तंभांना गण म्हणतात, ते १८. आज सारणीत ११८ मूलद्रव्ये आहेत. एका गणातली मूलद्रव्ये भावंडांसारखी असतात. चेहरेपट्टी एक, वय वेगळे. साधारणपणे त्यांच्या बाहेरच्या कक्षेत सारखेच इलेक्ट्रॉन असतात आणि रासायनिक स्वभाव त्यावरच ठरतो.

ही मांडणी कोणाची?

रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये, त्या वेळी माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या क्रमाने मांडली. मूलद्रव्यांचे गट पाडण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. मेंडेलीव्ह यांचे धाडस असे की, गुणधर्म जुळेनात तिथे त्यांनी ओढूनताणून मूलद्रव्य बसवले नाही. जागा रिकामी ठेवली आणि तिथे येणारे मूलद्रव्य कसे असेल हेही लिहून ठेवले. सिलिकॉनच्या खालच्या रिकाम्या जागेसाठी त्यांनी अणुवस्तुमान सुमारे ७२ आणि घनता ५.५ सांगितली होती. १८८६ मध्ये जर्मनीत जर्मेनियम सापडले. त्याचे अणुवस्तुमान ७२.६, घनता ५.३.

एक कोडे मात्र उरले. टेल्युरियमचे वस्तुमान आयोडीनपेक्षा जास्त, तरी गुणधर्म पाहता त्याची जागा आयोडीनच्या आधीच हवी. मेंडेलीव्ह यांनी गुणधर्मांवर विश्वास ठेवून क्रम उलटा केला. तो बरोबर होता, हे १९१३ मध्ये हेन्री मोझली यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांतून कळले. खरा क्रम वस्तुमानाचा नाही, अणुअंकाचा, म्हणजे केंद्रकातील प्रोटॉनच्या संख्येचा आहे.

गुणधर्मांचा कल कसा ओळखायचा?

दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी बरेच काम होते. गणात वरून खाली जाताना दर पायरीला इलेक्ट्रॉनची एक नवी कक्षा वाढते, जणू वाड्यावर आणखी एक मजला चढतो. त्यामुळे अणू मोठा होतो. लिथियमच्या अणूची त्रिज्या १५२ पिकोमीटर, त्याखालच्या सोडियमची १८६, तर पोटॅशियमची २३१. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना मात्र मजले तेवढेच राहतात आणि केंद्रकाची ओढ वाढते. त्यामुळे अणू आक्रसतो. लिथियमच्याच ओळीतील ऑक्सिजनची त्रिज्या ६६ पिकोमीटर आहे.

बाकीचे बरेचसे यातूनच येते. डावीकडचे धातू बाहेरचा इलेक्ट्रॉन सहज सोडतात. त्यांच्या गणात खाली जावे तसा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो आणि धातू अधिक उतावळा होतो. म्हणून पाण्यात टाकल्यावर सोडियमपेक्षा पोटॅशियम जास्त भडकते. उजवीकडच्या हॅलोजनना इलेक्ट्रॉन हवा असतो, त्यामुळे तिथे उलटा न्याय : सर्वांत वरचे फ्लोरीन सर्वांत क्रियाशील आणि खाली जावे तसा जोर कमी. अगदी उजवीकडच्या निष्क्रिय वायूंची बाहेरची कक्षा भरलेली असल्याने ते सहसा कोणाच्या वाटेला जात नाहीत. कक्षांची रचना गुंतागुंतीची होते तिथे, विशेषतः सारणीच्या मधल्या भागात, या नियमांना अपवादही भेटतात.

रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय?

पुन्हा काचेकडे येऊ. फोनची काच घडवताना ती सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे आयन घुसतात. गण एकच, म्हणून अदलाबदल जमते. आकार मोठा, म्हणून दाटी होते. दोघांच्या जागेवर तिघे बसावेत तसा पृष्ठभाग घट्ट दाबला जातो आणि चीर सहजी फाकत नाही.

बॅटरीचेही तेच. लिथियमसाठी भारत आयातीवर अवलंबून आहे, सोडियम मात्र समुद्राच्या मिठातच आहे. ते लिथियमच्या बरोबर खाली असल्याने बॅटरीत त्याची जागा घेऊ शकेल, असा अंदाज सारणीच देते. सोडियमचा अणू मोठा आणि तिपटीहून अधिक जड, त्यामुळे तेवढ्याच वजनात साठणारी ऊर्जा कमी, हा इशाराही तीच देते.

सारणी धोकाही दाखवते. स्ट्राँशियम हे कॅल्शियमच्या गणातले. म्हणूनच अणुचाचण्यांतून हवेत पसरलेले किरणोत्सारी स्ट्राँशियम-९० शरीराने कॅल्शियम समजून हाडांत आणि मुलांच्या दुधाच्या दातांत साठवले. ‘कमी सोडियम’च्या मिठात सोडियमऐवजी काही प्रमाणात पोटॅशियम असते. चवीत ते खपून जाते, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना जादा पोटॅशियम घातक ठरू शकते. भावंडे सारखी दिसली तरी एक नव्हेत!

मग प्रकरण का वगळले आणि बिघडले काय?

करोनाकाळानंतर मुलांवरचा भार कमी करणे, हे ‘एनसीईआरटी’ने दिलेले कारण. हा विषय अकरावीत सविस्तर आहेच, असाही खुलासा झाला. भाराचा मुद्दा खोटा नाही. मूलद्रव्यांची नावे आणि अणुअंक घोकून घेणे, एवढाच जर या प्रकरणाचा अर्थ असेल, तर ते गेल्याचे दुःख कशाला?

पण अकरावीत विज्ञान घेणाऱ्यांनाच हा खुलासा लागू पडतो. कला-वाणिज्य शाखेला, आयटीआयला किंवा थेट कामाला जाणाऱ्यांसाठी दहावी हाच रसायनशास्त्राचा शेवटचा थांबा असतो. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने २०१८ मध्ये आणलेल्या दहावीच्या पुस्तकात ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हे दुसरेच प्रकरण आहे, ही समाधानाची गोष्ट. अभ्यासक्रम नव्याने आखताना ते टिकायला हवे. मात्र ते पुस्तकात असणे पुरेसे नाही. परीक्षेत ‘अमुक मूलद्रव्याचा अणुअंक सांगा’ एवढेच विचारले जात असेल, तर प्रकरण असून नसल्यासारखे. ‘या रिकाम्या चौकटीत येणारे मूलद्रव्य कसे असेल?’ हा प्रश्न मेंडेलीव्ह यांनी दीडशे वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता. तोच पंधरा वर्षांच्या मुलीला विचारावा आणि सारणी समोर ठेवून तिला उत्तर काढू द्यावे. माहिती नसतानाही तर्काने योग्य उत्तरापर्यंत पोहोचता येते, हा अनुभव तिला एकदा तरी मिळायला हवा. पुढे ती कोणत्याही शाखेला गेली, तरी तो तिच्या उपयोगी पडेल.