उधाणाचे पाणी शेतात शिरले तर विमा पिकाला. पण जमिनीचे काय?

थोडक्यात
• भात पाण्याखाली जाण्याचा धोका पंतप्रधान पीक विमा योजनेत पुन्हा घेतला जाईल, अशी घोषणा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. ती खरीप २०२६ पासून लागू करायची आहे.
• खाडीकाठच्या शेतकऱ्याचे नुकसान एका हंगामापुरते नसते. खारे पाणी शिरलेली जमीन पुढची काही वर्षे पीक देत नाही. त्या नुकसानीला विम्यात जागा नाही.
• म्हणून अर्जात आणि पंचनाम्यात काय लिहिले जाते, कोणती नोंद आधीपासून ठेवली आहे, याला फार महत्त्व आहे.

या पोर्टलचा मराठी मजकूर मी झाशीत बसून लिहिते. इथून कोणत्याही दिशेला समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. बुंदेलखंडातल्या शेतकऱ्याची तक्रार पाणी आले नाही ही असते. कोकणातल्या खाडीकाठच्या शेतकऱ्याची तक्रार नको ते पाणी आले ही असते. पीक विम्याच्या नव्या घोषणेचा मराठी मजकूर तयार करताना हा फरक समोर आला. हिंदी मजकुरात ‘जलभराव’ हा एकच शब्द होता. आपल्या शासन निर्णयांत त्यासाठी ‘क्षेत्र जलमय होणे’ असे लिहितात. पण पेण-अलिबागच्या खारेपाटातला शेतकरी सांगतो ते असे: उधाण आले, बांधाला खांड पडली, शेत खारे झाले. त्याच्या बोलण्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीचे कार्यालय वेगळे आहे.

विम्यात नेमके काय बदलले?

अतिवृष्टीने किंवा पुराने एखाद्याच शेतातले पीक बुडाले, तर त्याला ‘स्थानिक आपत्ती’ म्हणतात. २०१८ मध्ये भातासाठी यातून पाण्यात बुडण्याचे कारण वगळण्यात आले होते. भात पाण्यातच वाढतो, तेव्हा नुकसान नेमके किती हे ठरवणे कठीण, असा त्यामागचा विचार होता. किनारपट्टीच्या आणि पूरप्रवण राज्यांतल्या शेतकऱ्यांना याचा फटका बसला. आता ते कारण परत येत आहे. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत पीक विमा ॲपवर ठिकाणाची नोंद असलेल्या छायाचित्रांसह सूचना द्यावी लागेल.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. राज्यात २०२५ च्या खरिपापासून एक रुपयात विमा बंद झाला. शेतकऱ्याने खरिपासाठी विमा रकमेच्या २ टक्के हप्ता भरायचा आणि भरपाई पीक कापणी प्रयोगात आलेल्या उत्पादनावर ठरायची, अशी पद्धत आली. पीक कापणी प्रयोग मंडळाच्या पातळीवर होतात. मंडळातल्या बाकी गावांत भात चांगला आला आणि फक्त खाडीकाठची शेते बुडाली, तर सरासरीत ती शेते दिसतच नाहीत. म्हणून केंद्राची घोषणा वाचून थांबू नका. खरीप २०२६ साठी राज्याची जी अधिसूचना लागू आहे, तिच्यात तुमच्या जिल्ह्यासाठी भात जलमय होण्याचे संरक्षण आहे का, हे हप्ता भरण्यापूर्वी कृषी सहायकाला विचारा. १४४४७ या मदत क्रमांकावरही विचारता येते.

खाडीकाठचे नुकसान वेगळे का?

नदी समुद्राला मिळते तिथे गोडे आणि खारे पाणी एकमेकांना रेटत असते. पावसाळ्यात नदी जोरात असते, तेव्हा खारे पाणी मागे हटते. उन्हाळ्यात नदी आटते आणि भरतीचे पाणी खाडीतून आत चढते. कोकणातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून, उघाड्या बसवून या पाण्यातून शेती काढली. उघाडी म्हणजे बांधातले दार. ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला खारे पाणी अडवायचे, हे तिचे काम.

आता समुद्राची पातळी वाढते आहे. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगभरातली सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. वीतभर वाढ ऐकायला थोडी वाटते. पण बांधाचा माथा आणि उधाणाचे पाणी यांच्यातले अंतर अनेक ठिकाणी तेवढेच असते. त्यातच बांधाची डागडुजी वेळेवर झाली नाही, खेकड्यांनी बिळे केली, जहाजांच्या लाटांनी बाहेरची बाजू खचली, की अमावस्या-पौर्णिमेच्या एखाद्या भरतीला खांड पडते. धरमतर खाडीच्या काठी धेरंड, शहापूर, माणकुळे या परिसरातले शेतकरी हे अनेक वर्षे अनुभवत आहेत.

पुराचे गोडे पाणी ओसरले की पुढच्या हंगामात पेरता येते. खारे पाणी ओसरले तरी मीठ मातीत राहते. पावसाने ते धुऊन निघायला बहुधा एकाहून अधिक पावसाळे जातात, आणि तेही बांध पुन्हा उभा राहिला तरच. तोपर्यंत विमा भरायचा तर कोणत्या पिकाचा? पेरणीच झाली नाही, तर बुडण्यासारखे पीकच नाही.

पंचनाम्यात कोणता शब्द हवा?

नैसर्गिक आपत्तीच्या मदतीसाठी केंद्राची एक यादी आहे. तिच्यात पूर, चक्रीवादळ, गारपीट, ढगफुटी इत्यादी आहेत. त्याशिवाय महाराष्ट्राने स्वतःच्या काही आपत्ती जाहीर केल्या आहेत. त्यांत अतिवृष्टी, अवेळी पाऊस, वीज कोसळणे, आकस्मिक आग यांच्यासोबत ‘समुद्राचे उधाण’ हे नाव आहे. म्हणजे उधाण हा केवळ गावाकडचा शब्द नाही, तो मदतीच्या यादीतलाही शब्द आहे. पाऊस पडत नसताना, निव्वळ भरतीने बांध फुटून शेत बुडाले असेल आणि पंचनाम्यात ‘अतिवृष्टी’ लिहिले गेले, तर त्या दिवसाच्या पावसाच्या आकड्याशी ते जुळत नाही आणि प्रकरण अडू शकते. म्हणून पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी कारणाचा रकाना वाचा. जे घडले तेच लिहिले आहे, याची खात्री करा.

मदत किती मिळते? २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांनुसार ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेल्या कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. शेतात गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी १८,००० रुपये. आणि जमिनीचा मोठा भागच गेला तर अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी ४७,००० रुपये.

या शेवटच्या बाबीकडे नीट पाहा. जमीन गेल्याची तिथे दिलेली कारणे तीन आहेत: दरड कोसळणे, हिमकडा कोसळणे आणि नदीने पात्र बदलणे. समुद्राच्या पाण्याने जमीन खारी होऊन निकामी होणे, हे कारण तिथे नाही. नदीने जमीन नेली तर ती गेली असे कागद मानतो. समुद्राने ती जागच्या जागी नापीक केली तर मानत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहते आणि शेतकरी जमीनधारकच राहतो. खाडीकाठच्या लाभार्थ्यांचा खरा प्रश्न हा आहे. पीक विम्यातला बदल स्वागतार्ह असला तरी तो या प्रश्नाला हात लावत नाही.

बांध एका खात्याचा, झाड दुसऱ्या खात्याचे

शासकीय खारभूमी योजनांचे बांध जलसंपदा विभागाच्या खारभूमी यंत्रणेकडे येतात. त्यासाठी १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आहे. खासगी बांधांची देखभाल मात्र मालकांनीच करायची असते. खांड पडून भरतीचे पाणी रोज आत-बाहेर करू लागले, की काही वर्षांत शेतात तिवराची रोपे उगवतात. मग प्रश्न वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे जातो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिलेल्या निकालानुसार राज्यात कुठेही, जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवन तोडण्यास मनाई आहे.

याचा अर्थ कांदळवन शेतकऱ्याचे शत्रू आहे, असा नाही. बांधाच्या बाहेर कांदळवनाचा पट्टा असेल तर लाटेचा जोर तिथेच मोडतो आणि बांध टिकतो. माशांची आणि कोळंबीची पिल्लेही तिथेच वाढतात. अडचण होते ती तिवरे बांधाच्या आत आल्यावर. म्हणून खांड पडल्यावर पहिल्या काही महिन्यांतच ती बुजवणे सर्वांत महत्त्वाचे. उशीर झाला की शेत बांधाच्या खात्यातून निघून झाडाच्या खात्यात जाते आणि परत येत नाही.

जिथे कांदळवन आहेच, तिथे राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून सुरू आहे. गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती असेल, तर खेकडापालन, कालवे आणि शिणाणे पालन, शोभिवंत मासे, मधमाशीपालन, निसर्ग पर्यटन अशा कामांना अनुदान मिळते: बचत गटांसारख्या समूहांना खर्चाच्या ९० टक्के, व्यक्तीला ७५ टक्के. केंद्राची कांदळवन लागवडीची ‘मिष्टी’ योजना ५ जून २०२३ रोजी सुरू झाली. देशभरात सुमारे ५४० चौरस किलोमीटर क्षेत्र हे तिचे लक्ष्य आहे.

नुसता बांध उंच करून भागेल का?

बांगलादेशात १९६० च्या दशकापासून किनाऱ्यावर मोठे बांध घालून १३९ बंदिस्त क्षेत्रे तयार करण्यात आली. भात वाढला, माणसे सुरक्षित झाली. पण नद्यांचा गाळ बांधाबाहेरच राहिला. बाहेरची जमीन गाळाने चढत गेली, आतली बसत गेली. मे २००९ मध्ये आयला चक्रीवादळात काही बांध फुटले, तेव्हा आत शिरलेले पाणी लवकर बाहेर पडेना, कारण आतली जमीन भरतीच्या पातळीखाली गेली होती. तिथल्या काही भागांत लोक आता ठरावीक काळासाठी मुद्दाम बांध उघडतात, गाळ आत घेतात, जमीन उंचावली की पुन्हा बंद करतात. तेवढ्या वर्षांची शेती बुडते, म्हणून भरपाई आधी ठरवावी लागते. ती न ठरवता बांध उघडला की भांडणे होतात.

हा गाळ येतो कुठून? झाशीजवळून वाहणारी बेतवा हमीरपूरजवळ यमुनेला मिळते, यमुना प्रयागराजला गंगेला, आणि गंगा पुढे सुंदरबनात समुद्राला. माताटीला, पारीछा अशी धरणे पाण्याबरोबर गाळही अडवतात. केन-बेतवा जोड प्रकल्पाची पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी झाली. बुंदेलखंडाला पाणी हवे, यात शंका नाही. पण ‘नदीचे पाणी समुद्रात वाया जाते’ हे जे वाक्य आपण सगळीकडे ऐकतो, ते अर्धेच खरे आहे. मुखापाशी पोहोचणारे गोडे पाणी मिठाला मागे रेटते आणि गाळ जमीन उंच ठेवतो. कोकणातल्या नद्यांचे पाणी पूर्वेकडे वळवण्याच्या योजनांची चर्चा होते, तेव्हा खाडीकाठच्या गावांनी हा प्रश्न ग्रामसभेत जरूर विचारावा: उन्हाळ्यात आमच्या खाडीत किती पाणी सोडले जाईल?

तुम्ही आज काय करू शकता?

१. मातीची तपासणी करून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेत जमिनीची क्षारता नोंदवलेली असते (विद्युत वाहकता हा रकाना). साधारणपणे ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर माती क्षारपड धरतात. उधाणापूर्वीची एक आणि नंतरची एक पत्रिका असेल, तर जमीन खारी झाल्याचा तुमच्याकडे सरकारी पुरावा असतो.

२. दर खरिपाला ई-पीक पाहणी करा. सातबाऱ्यावर पीक नोंदलेले नसेल, तर विमा आणि मदत दोन्हीकडे अडचण येते.

३. बांध कमकुवत दिसताच खांड पडण्याची वाट न पाहता लेखी अर्ज द्या. ग्रामपंचायत, तलाठी आणि खारभूमी कार्यालय या तिघांना एकाच मजकुराचा अर्ज द्या आणि पोहोच घ्या.

४. आपला बांध शासकीय योजनेतला की खासगी, हे आजच विचारून ठेवा. खांड पडल्यावर हा वाद सुरू झाला, तर पावसाळा निघून जातो.

५. नुकसान झाल्यास ७२ तासांत विम्याची सूचना द्या. पंचनाम्याचा अर्ज वेगळा करा. एक केल्याने दुसरे आपोआप होत नाही.

६. खारे पाणी अधूनमधून येते अशा शेतात पनवेल १, २, ३ या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जातींची चौकशी करा. त्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने विकसित केल्या आहेत.

७. ग्रामसभेत एक ठराव मांडा: समुद्राच्या पाण्याने जमीन निकामी होणे हे जमीन गमावण्याचे कारण म्हणून धरावे. निकष दर काही वर्षांनी नव्याने ठरतात. यादीत नसलेली गोष्ट कोणी तरी लिहून पाठवल्याशिवाय यादीत येत नाही.

जलभराव या शब्दापुढे मी मराठीत शेवटी ‘पीक पाण्याखाली जाणे’ असे लिहिले, कारण योजनेत आज तेवढेच आहे. खारे झालेल्या शेतासाठीचा शब्द आपल्या भाषेत केव्हापासून आहे. तो निकषांत यायचा बाकी आहे.